दाढीचा साबण : कारखान्याचा आणि कारागिराचा

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें तट, तोफा आणि तहनामे उभे राहतात. न्हाणीघरांतल्या फळीवर पडलेल्या साबणाच्या वडीलाहि इतिहास असतो, हें सहसा आपल्या ध्यानांत येत नाहीं. आज मी ज्या साबणाविषयीं बोलणार आहें तो तर न्हाणीघरांतहि दुय्यमच मानला जातो. तो म्हणजे दाढीचा साबण.

हा विषय मला सुचला तो एका दुकानांत. तेथें फळीवर दोन साबण शेजारीं शेजारीं मांडले होते. एक म्हणजे कागदांत गुंडाळलेली टणक, वाटोळी, पांढरी वडी. कारखान्यांत लाखांनीं निघणारी आणि किरकोळ किंमतीची. दुसरा रुंद तोंडाच्या डबींतला, लोण्याहून थोडा घट्ट. कोणा एकट्या कारागिरानें कढईंत थोडथोडा शिजविलेला, आणि किंमतीनें पहिल्याच्या कितीतरी पट. दुकानदारानें दुसऱ्याची तोंड भरून स्तुति केली आणि पहिल्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "हा काय, यंत्राचा माल!" तें बोलणें मला खटकलें. यंत्राच्या मालानें आपल्यासाठीं काय केलें आणि हातच्या मालानें आपल्याला काय परत आणून दिलें, याचा हिशेब एकदां नीट मांडावा असें वाटलें. तोच आज आपल्यापुढें ठेवतों.

प्रथम साबणाचें काम काय तें ठरविलें पाहिजे. साबणानें दाढी मऊ होते असा आपला समज आहे. तो अर्धाच खरा आहे. केंस मऊ होतो तो पाण्यानें. कोमट पाणी दोन-तीन मिनिटें मुरलें म्हणजे केंस फुगतो, आणि मग तो कापण्यास वस्तऱ्याला पुष्कळच कमी जोर लागतो. पण पाणी गालावर ठरत नाहीं. तें ओघळतें किंवा सुकतें. त्याला जागच्या जागीं धरून ठेवणें आणि वस्तऱ्याच्या धारेखालीं कातडी निसरडी करणें, हीं साबणाचीं दोन कामें. अंगाच्या साबणानें मळ निघाला कीं त्याचें काम संपतें; त्याचा फेस क्षणांत विरला तरी बिघडत नाहीं. दाढीच्या साबणाचा फेस मात्र दाट व बारीक असावा लागतो, आणि वस्तरा फिरून संपेपर्यंत तो टिकावा लागतो.

हा गुण कोठून येतो? चरबी किंवा तेल आणि क्षार यांच्या संयोगानें साबण होतो, हें आपणांस ठाऊकच आहे. क्षार दोन. लाकडाच्या राखेंतून मिळणारा पोटॅश, आणि पूर्वी समुद्रकांठच्या वनस्पतींच्या राखेंतून मिळणारा सोडा. सोड्याचा साबण कठीण होतो, तर पोटॅशचा मऊ होतो व पाण्यांत लवकर विरघळतो. दाढीच्या साबणांत बहुधा दोन्ही क्षार घालतात. वडीला आकार यावा म्हणून सोडा, आणि फेस मुबलक यावा म्हणून पोटॅश. तेलांचेहि असेंच आहे. खोबरेलाचा फेस चटकन् येतो, पण तो फोफसा असतो आणि कातडीला कोरडें करतो. जनावरांच्या चरबीचा फेस सावकाश येतो, पण टिकतो. असें कां व्हावें, याचा उलगडा मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें केला. प्रत्येक चरबी ही ग्लिसरीन आणि निरनिराळीं आम्लें यांची बनलेली असते, असें त्यानें १८२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दाखवून दिलें. त्या आम्लांपैकीं चरबींत विशेष सांपडणारें स्टिअरिक आम्ल हाच दाढीच्या टिकाऊ फेसाचा मुख्य आधार होय.

परंतु शास्त्र पुढें आलें त्याआधींपासून धंदा चालूच होता. युरोपांत दाढी करणें हें न्हाव्याचें काम होतें. स्वतःची दाढी स्वतः करणें ही शिकण्याजोगी विद्या आहे, असें पुस्तक लिहून सांगणारा झां-झाक पेरे हा पॅरिसचा चाकू-वस्तरे करणारा कारागीर. त्याचें पुस्तक १७६९ सालचें. त्या काळचे साबण म्हणजे सुगंधी द्रव्यें विकणाऱ्यांनीं आणि औषधविक्यांनीं आपल्या दुकानामागें केलेले गोळे. आज ज्याला आपण कारागिराचा साबण म्हणून मिरवितों, तोच तेव्हां एकमेव साबण होता. आणि तो बऱ्या स्थितींतल्या गिऱ्हाइकांपुरताच होता. इंग्लंडांत तर साबणावर सरकारी कर असे. तो १७१२ सालीं बसला आणि १८५३ सालीं ग्लॅडस्टन यांनीं काढून टाकला. जवळजवळ दीडशें वर्षें त्या देशांत स्वच्छता ही कर भरून मिळणारी चीज होती!

कारखान्याचा आरंभ कोठें झाला तें पाहूं लागलों म्हणजे मौज वाटते. अमेरिकेंत कनेक्टिकट संस्थानांत मँचेस्टर नांवाचें गांव आहे. तेथें जेम्स बेकर विल्यम्स नांवाच्या तरुण औषधविक्यानें १८४० च्या सुमारास दाढीसाठीं निराळा साबण करण्याचा खटाटोप केला. तो साबण पसंत पडला, आणि १८४७ सालीं त्यानें आपलें बस्तान शेजारच्या ग्लास्टनबरी येथें हलविलें. दाढीच्या मगांत, म्हणजे कानाच्या पेल्यांत, बसेल अशी त्याची वडी पुढें घरोघर गेली. म्हणजे कारखान्याच्या साबणाचा मूळपुरुष एक हातकारागीरच होता. यंत्र त्यानें मागाहून आणलें.

त्या काळच्या अमेरिकन न्हाव्याच्या दुकानांत भिंतीला कप्प्यांचें एक कपाट असे, आणि त्यांत नेहमींच्या गिऱ्हाइकांचे पेले ओळीनें मांडलेले असत. पेल्यावर मालकाचें नांव, आणि पुष्कळदां त्याच्या धंद्याचें चित्र. खाटकाच्या पेल्यावर बैल, आगगाडीच्या ड्रायव्हरच्या पेल्यावर इंजिन. एकाच्या कातडीचा रोग दुसऱ्यास लागूं नये हा त्यांतला एक हेतु होता. पेला ज्याचा त्याचा, पण त्यांतली साबणाची वडी मात्र कारखान्याची आणि सर्वांची सारखी.

हा सारखेपणा हीच कारखान्याची खरी कमाई होय. साबण वाळवून त्याचे पापुद्रे करावयाचे, ते रुळांमधून पुनःपुन्हां दळावयाचे, आणि शेवटीं दाबून त्याची वडी पाडावयाची, ही रीत बसल्यावर वडींत पाणी थोडें राहूं लागलें. ती महिनोन् महिने टिके, प्रवासांत वितळत नसे, आणि आजची वडी कालच्या वडीसारखीच निघे. एका बाबतींत मात्र या साबणानें यंत्रालाहि आपल्या चालीनें चालावयास लावलें. कपड्याचा किंवा अंगाचा साबण करतांना मोठ्या कारखान्यांत शिजलेल्या साबणांत मिठाचें पाणी घालतात. साबण वर तरंगतो, ग्लिसरीन खालच्या पाण्यांत उतरतें, आणि तें वेगळें काढून विकतां येतें. १८६७ सालीं आल्फ्रेड नोबेलनें डायनामाइटचें पेटंट घेतल्यानंतर तर या ग्लिसरीनला फारच मोल आलें. पण पोटॅशच्या साबणाला ही युक्ति चालत नाहीं. मीठ घातलें कीं पोटॅश निघून जाऊन त्याच्या जागीं सोडा येतो आणि साबणाचा मऊपणाच जातो. म्हणून दाढीचा साबण मीठ न घालतां शिजवावा लागे, आणि ग्लिसरीन त्यांतच राही. अवाढव्य कारखान्याच्या एका कोपऱ्यांत हा साबण असा जुन्या औषधविक्याच्या पद्धतीनेंच होत राहिला.

पुढें वस्तराहि बदलला. किंग कँप जिलेट यानें १९०१ सालीं बोस्टन येथें कंपनी काढली. १९०३ सालीं तिचे अवघे ५१ सेफ्टी रेझर आणि १६८ पातीं खपलीं. मग पहिलें महायुद्ध आलें. विषारी वायूपासून वांचविणारा मुखवटा दाढीच्या तोंडावर घट्ट बसेना. शिपायाला रोज दाढी करणें भाग पडलें. अमेरिकन सैन्यासाठीं सुमारें ३५ लक्ष वस्तरे आणि ३ कोटींहून अधिक पातीं घेण्यांत आलीं. त्यांच्याबरोबर साबणाच्या कांड्याहि खंदकांत गेल्या. युद्ध संपलें, शिपाई घरीं परतले, आणि रोज सकाळीं आरशापुढें उभें राहण्याची संवय त्यांनीं बरोबर आणली.

श्रोतेहो, येथवरची कथा परदेशची झाली. आतां आपल्याकडे वळूं. आपल्या खेड्यांत न्हावी हा बलुतेदार. खांद्याला धोकटी, तींत वस्तरा, कातर, वस्तरा परजण्याचें चामडें आणि पाण्याची वाटी. साबण त्या धोकटींत फार उशिरां आला. ओल्या बोटांनीं गाल चोळचोळून न्हावी केंस मऊ करी. म्हणजे पाण्याचें जें तत्त्व मीं आरंभीं सांगितलें, तें त्याला पुस्तकावांचून अवगत होतें. झाडाखालीं बसून केलेल्या त्या श्मश्रूचें वर्णन आपण मोठ्या जिव्हाळ्यानें करतों. पण त्या झाडाखालीं कोणाला बसतां येत होतें आणि कोणाला नव्हतें, हेंहि सांगितलें पाहिजे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं आपल्या आठवणींत लिहून ठेवलें आहे कीं, त्यांच्या लहानपणीं साताऱ्यास न्हाव्यांची वानवा नव्हती, आणि न्हाव्याला देण्यास घरांत पैसे नव्हते असेंहि नाहीं. तरी अस्पृश्यांच्या मुलांचे केंस कापण्यास एकहि न्हावी कबूल होत नसे. तें काम त्यांची थोरली बहीण करी, आणि करून करून ती त्यांत तरबेज झाली होती. याचा सगळा दोष एकट्या न्हाव्याच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. तोहि गांवगाड्याला जखडलेलाच होता. त्यानें निराळें वागावयाचें ठरविलें असतें, तर त्याचें बलुतें बंद पडावयास वेळ लागला नसता. जेव्हां त्या समाजाला कोणी धीर दिला, तेव्हां त्यानें आपली विवेकबुद्धि दाखविलीहि आहे. १८९० च्या सुमारास नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें मुंबईच्या न्हाव्यांनीं विधवांचें केशवपन करण्याचें नाकारलें, ही गोष्ट आपल्या इतिहासांत नमूद आहे.

अशा समाजांत कारखान्याची साबणाची वडी आणि पेटींतला वस्तरा येऊन दाखल झाला. प्रथम ही चैनीची चीज होती, यांत शंका नाहीं. पण यंत्राचा माल वर्षानुवर्षें स्वस्त होत जातो. हळूहळू ती वडी गिरणींत जाणाऱ्याच्या, शाळामास्तराच्या, पोलिसाच्या खोलींत पोंचली. त्या वडीनें कोणाची जात विचारली नाहीं. ज्याच्या हनुवटीला हात लावण्यास गांव तयार नव्हतें, त्याला कोणाच्या दारीं न जातां, कोणाची मिनतवारी न करतां, स्वतःच्या हातानें आपलें तोंड नीटनेटकें करतां येऊं लागलें. जातिभेद साबणानें गेला असें कोणी म्हणणार नाहीं, आणि मीहि म्हणत नाहीं. पण रोज सकाळचा एक अपमान टळला. "यंत्राचा माल" म्हणून नाक मुरडण्यापूर्वीं ही जमेची बाजू आपण खात्यावर मांडावयास नको काय?

या वडीपुढें आपल्याकडे आणखी एक अडचण होती, ती चरबीची. कोणत्या जनावराची चरबी गालाला लागते आहे, या विचारानें हिंदु आणि मुसलमान दोघेहि अस्वस्थ होत. मुंबईस १८९७ सालीं कुलपांचा कारखाना काढणारे अर्देशीर गोदरेज यांनीं १९१८ च्या सुमारास वनस्पति तेलांचा साबण बाजारांत आणला, तेव्हां त्यांत चरबी नाहीं हीच त्याची मोठी ओळख ठरली. निव्वळ तेलाचे साबण जगाला नवे नव्हते. स्पेनमध्यें ऑलिव्हच्या तेलाचा साबण शतकानुशतकें होत आला होता. पण स्वदेशी आणि चरबीरहित असा दुहेरी गुण येथें लोकांना पटला. पुढें गोदरेज यांची दाढीच्या साबणाची वाटोळी वडीहि पुष्कळ वर्षें दुकानांत मिळत असे.

मग ही वडी मागें कां पडली? तिला मागें सारलें तें कारागिरानें नव्हे, कारखान्यानेंच. १९१९ सालीं अमेरिकेंत बार्बासोल नांवाचें मलम निघालें. त्याला कुंचला लागत नव्हता आणि फेसहि काढावा लागत नव्हता. १९४९ सालीं राइज नांवाचा डबा आला. कळ दाबली कीं आंतल्या वायूच्या जोरानें तयार फेस हातावर. लोकांना घाई होती, आणि कारखान्यानें घाईच विकली. वडी निघत राहिली, पण तिच्याकडे कोणाचें लक्ष राहिलें नाहीं. या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांतल्या कांहीं जुन्या नामांकित पेढ्यांनींहि चरबी सोडून पामतेलाची कांस धरली, आणि त्यांचे जुने गिऱ्हाईक कुरकुरूं लागले. पहिला फेस राहिला नाहीं, अशी त्यांची तक्रार होती.

ही जी रिकामी जागा झाली तींत आजचा कारागीर शिरला. अमेरिकेंत, इटलींत, फ्रान्समध्यें आणि इतरत्रहि एकट्यादुकट्या माणसांनीं कांहीं शेरांच्या कढया चढविल्या. त्यांनीं चरबी परत आणली, लोकरींतून निघणारें लॅनोलिन घातलें, आफ्रिकेचें शिया लोणी घातलें. आणि श्रोतेहो, ऐकून नवल वाटेल, त्यांच्यांतल्या कांहींजणांच्या कढईंत आपल्या कोंकणांतलें आणि गोव्यांतलें कोकमाचें तेलहि जाऊन पडलें आहे. रातांब्याच्या बियांचें हें तेल थिजून पांढरें घट्ट होतें. आपल्याकडे त्याला भिरंडेल किंवा मुठेल म्हणतात आणि थंडींत भेगाळलेल्या टांचांना तें लावतात. त्यांत स्टिअरिक आम्ल विपुल असतें. जनावराला हात न लावतां चरबीचा गुण देणारी वस्तु आपल्या परसांत होती, आणि तिचा हा उपयोग साता समुद्रांपलीकडच्या कारागिरानें करून दाखविला!

कारागिराच्या साबणाचा गुण खरा आहे. त्यांत पाणी अधिक असतें, म्हणून कुंचला फिरवितांच तो सुटतो. स्निग्धांश थोडा जास्त ठेवलेला असतो, म्हणून मागाहून कातडी तडतडत नाहीं. पण त्याचे दोषहि खरे आहेत. एका कढईचा माल दुसरीसारखा निघेलच असें नाहीं. अधिक ठेवलेला स्निग्धांश कधीं कधीं खवट होतो. मऊ साबण लवकर झिजतो. आणि किंमत अशी कीं रोज मजुरी करणाऱ्यानें ती विचारूंहि नये. शिवाय हा कारागीर जो शुद्ध पोटॅश आणि जें पांढरें स्वच्छ स्टिअरिक आम्ल वापरतो, तें रासायनिक कारखान्यांतूनच येतें. औषधविक्याच्या कढईंतून कारखाना निघाला, आणि कारखान्याच्या गोणींतून पुन्हां कढई निघाली. अशा दोघांत सोयरीक आहे. वैर लावण्याचें कारण नाहीं.

शेवटीं माझा स्वतःचा एक अनुभव सांगतों. कॉलेजांत असतांना मीं एका कारखान्याची साधी वडी वापरीत असें. फेस पातळ येई, गाल सोलून निघत, आणि मी त्या वडीला रोज शिव्या देई. एकदां आमच्या पेठेंतल्या एका वृद्ध न्हाव्याच्या दुकानांत बसलों असतां तीच वडी त्याच्या वाटींत दिसली. त्यानें मात्र तिच्यांतून सायीसारखा फेस काढला. मीं कारण विचारलें. तो हंसून म्हणाला, "दादा, तुम्ही साबणाला पाणीच पाजत नाहीं. वडीवर आधीं चमचाभर ऊन पाणी घाला, तोंड धुऊन येईपर्यंत तिला भिजूं द्या. मग कुंचला फिरवा आणि थेंब थेंब पाणी देत जा. साबण कोरडा आहे म्हणून ओरडतां, आणि घाई तुमची!" दुसऱ्या दिवशीं मीं तसें केलें, आणि वडीवरचा माझा राग गेला.

त्या वृद्धाच्या बोलण्यांत आजच्या विषयाचा निकाल आहे असें मला वाटतें. कारखान्यानें वडींतलें पाणी काढून घेतलें, म्हणूनच ती स्वस्त झाली, टिकाऊ झाली, आणि ज्याच्या वाट्याला न्हाव्याची वाटीहि येत नव्हती त्याच्या हातीं पडली. तें काढलेलें पाणी परत घालण्याचें काम तिनें आपल्यावर सोपविलें होतें. तें आपण केलें नाहीं, आणि दोष वडीला दिला. कारागीर तें काम आपल्यासाठीं आधींच करून ठेवतो, आणि त्याची मजुरी घेतो. ज्याला परवडेल त्यानें ती आनंदानें द्यावी. चांगल्या हातांना काम मिळालेंच पाहिजे. पण ज्याच्या फळीवर साधी वडी आहे त्यानें मान खालीं घालूं नये. चमचाभर ऊन पाणी आणि दोन मिनिटांचा धीर, एवढें त्याच्यापाशीं असलें म्हणजे पुरे.